फिशटँकच्या काचेला रोटरी टूलने भोक पाडताना

माझा पहिला टँक तडकला तेव्हा भोक आरपार व्हायला जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी काच उरली होती. बांगडी फुटावी तसा 'टिक' आवाज आला आणि भोकापासून थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ गेली. पंधरा मिनिटं सगळं नीट चाललं होतं. मग हात अवघडला, "झालंच की आता" असं मनात आलं आणि मी टूलवर जरासा भार दिला. तेवढं पुरलं.

त्यानंतर पाडलेली भोकं नीट झाली. त्यात हातखंडा वगैरे काही नाही. ड्रिल म्हटलं की आपल्याला लाकूड आठवतं: बिट आत घुसतं, भुसा बाहेर येतो. काचेत बिट घुसत नाही. हिऱ्याच्या कणांनी काच घासली जाते, तिची पीठासारखी पूड होते आणि घासून घासून शेवटी भोक पडतं. काम घासण्याचं आहे हे एकदा डोक्यात बसलं की वेग कमी का, पाणी कशाला, दाबायचं का नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

भोक हवंय कशाला?

माझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, काच ५ मिमी, आत गप्पी. मला मागच्या काचेवर, वरच्या बाजूला, जादा पाणी निघून जायला वाट हवी होती. वरून शिळवलेलं पाणी थेंबथेंब सोडायचं, तेवढंच जुनं पाणी मागच्या नळीने बाल्कनीतल्या कुंड्यांत जाणार. बादल्या उचलणं बंद.

काहीजणांना टँकखाली सम्प, म्हणजे पाणी साठवायचा दुसरा टँक, ठेवून त्यात फिल्टर करायचा असतो. काठावर अडकवायचा सायफनचा डबा त्यासाठी मिळतो, पण सायफनमध्ये हवा शिरली की तो थांबतो, खालचा पंप मात्र पाणी वर फेकतच राहतो आणि सकाळी हॉलमध्ये तळं. काचेला भोक असेल तर पाणी आपल्या वजनाने खाली जातं, त्यात तुटायला सायफनच नाही. मात्र वीज गेल्यावर पंप थांबतो आणि भोकाच्या पातळीपर्यंतचं सगळं पाणी सम्पमध्ये उतरतं. ९१ बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये पातळी फक्त २ सेंटिमीटर उतरली तरी ते ८ लिटर होतात. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी.

रोटरी टूल, म्हणजे हातात धरून चालवायचं, भरभर फिरणारं छोटं मोटारीचं यंत्र, हे छोट्या भोकांचं हत्यार आहे, हे आधीच सांगतो. त्याच्या तोंडाशी जो कॉलेट असतो त्यात साधारण ३.२ मिमीपर्यंतचाच दांडा बसतो. त्या दांड्यावर १०–१२ मिमीचं बिट सुखाने चालतं, १६ चं सांभाळून. प्लंबरकडची साधी अर्ध्या इंची टाकी निपल बसवायची म्हटली तर तिचे आटेच जवळजवळ २१ मिमी भरतात, म्हणजे भोक २२ चं. एक इंची फिटिंगला ४५ मिमीच्या आसपास लागतं. त्यासाठी वेग कमी-जास्त करता येणारं हातड्रिल घ्या. लहान लहान भोकांची माळ पाडून मोठं वर्तुळ कोरण्याचा उद्योग काही लोक करतात. मी नाही करणार. त्यातल्या प्रत्येक दातऱ्यातून तडा निघू शकतो.

आणि टँक अजून बनायचा असेल तर हा लेख इथेच सोडून काचवाल्याकडे जा. काच सुटी असताना, टेबलावर सपाट ठेवून भोक पाडणं त्याला रोजचं आहे. जोडलेल्या टँकला भोक पाडायची वेळ आली तरच पुढे वाचा.

काच टफन आहे का?

ही तपासणी चुकली तर बाकी सगळं फुकट. टफन काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड केलेली असते. तिचा बाहेरचा थर आवळलेला राहतो आणि आतला ताणलेला. म्हणून ती मार सोसते. पण तो बाहेरचा थर भेदला गेला की आतला ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो. बिट कितीही भारी असो, हात कितीही हलका असो, टफन काचेला भोक पडत नाही. तिला भोक हवं असेल तर ते टफन करण्याआधीच पाडून घ्यावं लागतं.

कोपऱ्यात टफनचा शिक्का कोरलेला दिसला तर प्रश्नच मिटला. पण शिक्का नाही म्हणजे साधी काच, असं धरून चालू नका. घरच्या घरी करायची परीक्षा अशी. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळा पडेल. गॉगल तसाच धरा आणि टँकची काच स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये येईल असं करा. साधी काच असेल तर काळोख तसाच राहतो. टफन असेल तर काळ्यावर करडे-पांढरे पट्टे किंवा ठिपके उमटतात, कधी इंद्रधनुषी झाक दिसते. टँक थोडा हलवून काच वेगवेगळ्या कोनांत बघा.

पाचही काचा वेगवेगळ्या तपासा. बाजूच्या साध्या आणि तळाची टफन, असे टँक असतात. आपल्याकडे गल्लीतल्या काचवाल्याने जोडलेले टँक बहुतेक साध्या काचेचे निघतात, पण 'बहुतेक' या शब्दावर ५ मिमीची काच पणाला लावू नये. खात्री होत नसेल तर भोक पाडू नका.

हत्यारं आणि सामान

रोटरी टूलला बरेच जण सरसकट 'ड्रेमेल'च म्हणतात. ते मूळ एका कंपनीचं नाव आहे. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन गावी ती सुरू केली. तुमचं टूल कोणत्याही कंपनीचं चालेल, फक्त वेग कमी करायची चकती त्याला हवी. एकाच वेगाने भणभणणारं स्वस्त टूल या कामाला नको.

बिट 'डायमंड होल सॉ' या नावाने मागा. पोकळ नळीसारखं असतं आणि त्याच्या तोंडाला करडा, खरखरीत मुलामा दिसतो. ते हिऱ्याचे कण. भाल्याच्या टोकासारखं काचेचं बिट दुकानदार आधी पुढे करेल, ते नको. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बिटं सुटी मिळतात. दांडा ३ मिमीचा आहे का ते तिथेच बघून घ्या, कारण ६ मिमीच्या दांड्याची बिटं जास्त दिसतात आणि घरी आणल्यावर ती कॉलेटमध्ये जात नाहीत. मुलाम्याचं बिट काही भोकांतच बोथट होतं. दोन घ्या. एक शिकायला.

बिट घेण्याआधी फिटिंग विकत घ्या. उलटं केलंत तर फसाल. मी आरओचं पाव इंची पॅनल-फिटिंग घेतलं, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर मोजला, ११.३ मिमी आला, म्हणून १२ चं बिट घेतलं. तुमचं माप वेगळं येईल. पाकिटावरचा 'पाव इंच' आतून जाणाऱ्या नळीचा असतो, आट्यांचा नाही. फिटिंग भोकात अर्धा-एक मिलिमीटर सैल बसावं. घट्ट ठोकून बसवलेलं फिटिंग काचेला आतून ताण देत राहतं. धातूचं फिटिंग घेऊ नका. पितळेत तांबं असतं आणि ते कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतं. ठिबक सिंचनाच्या दुकानातली रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी खाचेची कडी, अनेकांना सुचते. ती चालू शकते, पण तिची खाच तुमच्या काचेच्या जाडीइतकी रुंद आहे का ते आधी बघा.

बाकीचं घरातच सापडेल: मास्किंग टेप, थर्माकोलचा तुकडा, जुना टॉवेल, सुई नसलेली सिरिंज, डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, तोंडाला मास्क, २२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर. आणि मूठभर कणीक. ती कशाला, ते पुढे येतंच.

वीज आणि पाणी एकत्र येणार आहेत, तेव्हा एवढं कराच. टूल ज्या प्लगवर चालवणार तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असू द्या; वायरमन त्यालाही सवयीने ईएलसीबीच म्हणतो. पायात रबरी चप्पल हवी. टूलला लवचीक शाफ्ट जोडता येत असेल तर जोडाच, कारण मग मोटार मीटरभर लांब, उंचावर टांगून ठेवता येते आणि ओल्या हातात फक्त तिचं टोक राहतं. बॅटरीवरचं टूल असेल तर आणखी बरं. काच उभी ठेवून, वरून पाइपने पाणी मारत काम करायचं नाही.

वेगाचं गणित

टूलच्या चकतीवर ५,००० पासून ३०,००० च्या पुढेपर्यंत आकडे असतात. ते फेरे मिनिटाला. पण काचेला फेरे कळत नाहीत, तिला बिटाची कड किती जोरात घासून जाते ते कळतं. १२ मिमी बिटाचा परीघ सुमारे ३७.७ मिमी. ५,००० फेऱ्यांना त्याची कड मिनिटाला १८८ मीटर पळते, ३०,००० ला ११३० मीटर. हातड्रिलवर ३५ मिमीचं बिट ५०० फेऱ्यांना चालवलं तर हा आकडा ५५ मीटर येतो आणि काम निवांत होतं. म्हणजे रोटरी टूलचा सगळ्यात कमी वेगसुद्धा आपल्या गरजेपेक्षा जास्तच आहे. चकती सगळ्यात खाली ठेवा आणि काम संपेपर्यंत तिला हात लावू नका.

जास्त वेगाने भोक लवकर पडत नाही, काच लवकर तापते. थंड ग्लासात उकळता चहा ओतला की तो का तडकतो? एक भाग फुगतो, शेजारचा फुगत नाही. बिटाखालच्या काचेच्या कड्याचंही तेच होतं.

कमी वेगाला या टूलमध्ये जोर फारसा नसतो. दाबलंत तर ते अडखळून थांबतं. नवख्याला ही त्रुटी वाटते. मला ती सोय वाटते. टूल स्वतःच सांगतं की दाबतोयस.

जागा आखणं

मासे, खडी, हीटर सगळं बाहेर. टँक रिकामा, धुतलेला, कोरडा. भोकाची काच वर येईल असा तो आडवा करा. मागच्या काचेला भोक असेल तर टँक पुढच्या काचेवर झोपेल. खाली चादरीची जाड घडी किंवा थर्माकोल घाला.

भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतकी काच उरली पाहिजे. मी दुपटीपेक्षा जास्त सोडतो. सिलिकॉनच्या जोडापासूनही तितकंच लांब राहायचं. माझ्या ३० सेंटिमीटर उंच टँकमध्ये पाणी २६ सेंटिमीटरवर थांबायला हवं होतं, म्हणून वरच्या कडेपासून ४ सेंटिमीटर खाली खूण केली. पातळी थोडी इकडेतिकडे करायची सोय हवी असेल तर आतल्या बाजूने छोटा एल्बो लावा. त्याचं तोंड वर-खाली फिरवलं की पातळी बदलते.

पहिलं भोक तळाशी पाडू नका. वरच्या भोकाला गळती लागली तर दोन बोटं पाणी जाईल. तळाच्या भोकाला लागली तर माशांसकट सगळं.

काचेच्या दोन्ही बाजूंना टेप चिकटवा आणि वरच्या टेपवर वर्तुळ काढा. मग टँकच्या आत हात घालून भोकाच्या बरोबर खाली थर्माकोलचा तुकडा असा बसवा की तो काचेला खालून टेकेल. पुढच्या काचेवर टॉवेलची घडी अंथरा. भोक पूर्ण झालं की काचेची टिकली सुटून खाली पडते आणि ती पडली ती थेट तुमच्या पुढच्या, चांगल्या काचेवर. एका भोकासाठी दोन काचा घालवल्याचं ऐकलंय मी.

कणकेचं आळं

आता कणीक. पोळ्यांना मळतो त्यापेक्षा थोडी घट्ट मळा, बोटाएवढी वळी वळा आणि वर्तुळाभोवती गोल लावा. भातावर आमटीसाठी करतो ना, तसं आळं. काचेवर नीट दाबून बसवा आणि आत सेंटिमीटरभर पाणी भरा. बिटाचं तोंड सतत या पाण्यात बुडालेलं राहिलं पाहिजे. बाजारात त्यासाठी पुट्टी मिळते, ती तासभर टिकते. कणीक अर्ध्या तासात पचपचीत होते. एका भोकाला अर्धा तास पुरतो. आणि नंतर टँकमध्ये पुट्टीचे तेलकट डाग उरत नाहीत.

जुने कारागीर काचेला भोक पाडताना टर्पेंटाइनमध्ये कापूर विरघळवून वापरत. खिडकीच्या काचेला ते ठीक. इथे साधं पाणी आणि फक्त पाणी. तेल नको, साबण नको, गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको.

पाण्यामुळे धूळही बसते. काचेची कोरडी पूड डोळ्यांत आणि नाकात जाऊ द्यायची वस्तू नव्हे. आळं आटलं की टूल आधी थांबवायचं, मग पाणी घालायचं.

भोक

आधी टँकला हात लावू नका. काचवाल्याकडून ५ मिमीची रद्दी पट्टी मागून आणा, बहुतेक जण फुकट देतात, आणि तिच्यावर दोन भोकं पाडा. त्यातलं एक मुद्दाम दाबून बिघडवा. तडा जायच्या आधी हाताला काय जाणवतं ते तिथेच कळू दे.

बिट कॉलेटमध्ये जाईल तितकं आत घालून आवळा. टूल हवेत चालू करून बिटाकडे आडव्या नजरेने बघा. ते थरथरताना दिसलं तर काढून पुन्हा बसवा. तरी थरथरलं तर बिट वाकडं आहे, फेका. बिटाच्या अंगावर तोंडापासून ५ मिमीवर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे किती खोल गेलो याचा अंदाज येतो.

या बिटाला मध्ये टोक नसतं. ते सरळ टेकवलंत तर ओल्या फरशीवर पाय घसरावा तसं सटकतं आणि टँकच्या पाठीवर कायमचा ओरखडा ठेवून जातं. म्हणून टूल सुमारे ४५ अंश तिरकं धरा, दोन्ही मनगटं काचेवर टेकवा आणि बिटाची फक्त एक कड वर्तुळाच्या रेषेवर अलगद लावा. काही सेकंदांत तिथे चंद्रकोर उमटते. ती नखाला लागेल इतकी खोल झाली की टूल हळूहळू उभं करत जा. कोर वाढत वाढत दोन्ही टोकं जुळतात आणि पूर्ण बांगडी होते. आता बिट खाचेत बसलं. सटकायची भीती गेली. हाताचा भरवसा नसेल तर प्लायवूडच्या तुकड्याला १२ मिमीचं भोक पाडून तो दुहेरी टेपने काचेवर चिकटवा आणि त्याच्या भोकात पाणी भरून त्यातून सुरुवात करा. मिलिमीटरभर खाच झाली की साचा काढा, आणि मगच आळं लावा.

इथून पुढे टूलचं स्वतःचं वजन पुरे. तुमचा हात त्याला फक्त सरळ धरायला आहे. तीन सेकंद टेकवा, एक सेकंद उचला. उचललं की खाचेत ताजं पाणी शिरतं आणि पूड बाहेर येते. टेकवलेलं असतानाही टूल अगदी किंचित गोलाकार डोलवत राहा, म्हणजे खाच बिटापेक्षा केसभर रुंद होते आणि पाण्याला वाट राहते.

मिनिटाभरात आळ्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं. तसं झालं म्हणजे सगळं बरोबर चाललंय. ताकासारखं दाट झालं की थांबा, सिरिंजने ओढून घ्या आणि नवं घाला. ५ मिमीच्या काचेला मी तीनदा पाणी बदलतो. प्रत्येक वेळी टूलच्या पुढच्या भागाला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. मी टूललाही तेवढीच विश्रांती देतो.

आवाजाकडे कान ठेवा. सुरुवातीला बारीक किंचाळल्यासारखा येतो, खाच झाली की जात्यासारखी संथ घरघर लागते. मध्येच पुन्हा किंचाळी आली तर पाणी कमी झालंय किंवा बिटाचं तोंड पुडीने भरलंय. उचला, धुवा, पुढे चला.

पाणी, वेग, दाब सगळं नीट असेल तर ५ मिमीला दहा-बारा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत अर्धी काच गेली असेल तर तुम्ही दाबताय.

मग येतो शेवटचा मिलिमीटर, जिथे माझा टँक गेला. मार्करची रेघ काचेच्या जवळ येते, घरघर थोडी पोकळ ऐकू येऊ लागते. इथून टूलचं वजनही काचेवर पडू देऊ नका. ते किंचित वर उचलून धरल्यासारखं ठेवा, बिट जेमतेम टेकलेलं. दोन सेकंद टेकवा, दोन उचला. हात अवघडला असेल तर टूल बंद करा, उठा, चहा करा. काच कुठे जात नाही. आरपार होताना आवाज अचानक बदलतो आणि आळ्यातलं पाणी भसकन थर्माकोलवर उतरतं. टूल फिरत असतानाच सरळ वर घ्या आणि मग बंद करा. आत फिरायचं थांबलं तर अडकतं, आणि मग ओढाताणीत टवका उडतो.

टिकली बिटातच अडकून बसली असेल तर बिट काढून मागच्या बाजूने काडीने ढकला.

कड मारणं, फिटिंग बसवणं

टेप काढा, टँक धुवा आणि भोक उजेडात धरून बघा. खालच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या कडेला बारीक टवके उडालेले असणारच. ते फिटिंगच्या वॉशरखाली झाकले जात असतील तर काळजी नको. पण कडेपासून बाहेर पळणारी केसाएवढी रेघ दिसली तर ती खरवडून जात नाही. तो तडा आहे आणि पाणी भरल्यावर तो वाढेल.

वॉटर पेपर पेन्सिलीला गुंडाळा, ओला करा आणि भोकाच्या दोन्ही कडा मारून घ्या, आधी २२०, मग ४००. झाल्यावर कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. धागा अडकला तिथे अजून धार आहे. बोट फिरवून बघू नका.

भोक हवं त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान पडलं असेल तर रोटरी टूलसारखं हत्यार नाही. दंडगोल डायमंड बर, म्हणजे हिऱ्याच्या कणांचं छोटं घासायचं टोक, लावून, पाण्याखाली, सगळीकडून सारखं घासत ते हळूहळू वाढवता येतं.

फिटिंगचा कॉलर आतून, पाण्याच्या बाजूला, आणि रबरी वॉशर कॉलर व काचेच्या मध्ये. बाहेरून नट हाताने आवळा आणि मग पाव फेरा आणखी. पाना लावायचा मोह होतो, लावू नका. टँक तिथेही फुटतो. वॉशर नीट असेल तर सिलिकॉन लागत नाही. लावायचंच असेल तर बुरशीरोधक औषध नसलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन घ्या आणि निदान एक पूर्ण दिवस सुकू द्या.

पाणी भरून बघणं

टँक बाल्कनीत, बाथरूममध्ये, जिथे सांडलेलं चालेल तिथे सपाट जागी ठेवा. ४५ लिटरच्या आसपास पाणी म्हणजे तेवढेच किलो, तेव्हा स्टूलवर नको. आधी अर्धा भरा, तासभर बघा, मग फिटिंगचं तोंड बंद करून भोकाच्या वरपर्यंत. फिटिंगखाली काचेवर टिश्यू पेपर चिकटवून ठेवा. डोळ्याला न दिसणारी पाझर टिश्यूवर लगेच दिसते. २४ तास तसंच राहू द्या. पेपर ओला झाला तर पाणी भोकाखाली उतरवा, नट सोडवून वॉशर पुसा, खाली कणकेचा कण राहिला नाही ना ते बघा. माझ्या बाबतीत एकदा तोच राहिला होता.

गप्पी असतील तर आतल्या तोंडाला बारीक जाळी किंवा स्पंज लावा. पिल्लं जन्मतात तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढीच असतात आणि पाणी जिकडे ओढेल तिकडे जातात. तो स्पंज आठवड्याला पिळून धुवा, नाहीतर तो तुंबतो आणि पाणी काठावरून येतं.

भोक चुकीच्या जागी पडलं, किंवा नंतर नकोसं झालं, तर त्याच जाडीच्या काचेचा, भोकापेक्षा चारही बाजूंनी निदान २५ मिमी मोठा तुकडा कापून आणा आणि आतून सिलिकॉनने चिकटवा. पाण्याचाच दाब तो काचेवर धरून ठेवतो. दिसायला ठिगळ दिसतं, पण मागच्या काचेवर कोण बघतंय. तडा गेलेल्या काचेला मात्र ठिगळ लावत बसू नका. मी बसलो होतो. महिन्याभरात तडा ठिगळाच्या पलीकडे निघाला आणि शेवटी अख्खी काच बदलावी लागली.

मासे सोडल्यावर आठवड्याने नट एकदा हाताने चाचपा. रबर दबून तो थोडा सैल झालेला असतो.